मदत हवी आहे: पीटीईमधला (पेज टेबलमधली एका पानाची नोंद) डर्टी बिट (पानावर लिहिले गेल्याची खूण) मधूनच हरवतो, फ्लॅग सुरक्षितपणे कसे बदलावेत?

नमस्कार. नोकरी सांभाळून गेले वर्षभर मी एक्स86-64 प्रोसेसरसाठी सी भाषेत एक छोटे कर्नल लिहीत आहे. पेजिंग (मेमरीची पानांत विभागणी), फोर्क (प्रक्रियेची प्रत बनवणे) आणि फाइल मेमरीत मॅप करण्याची सोय एवढे काम झाले असून एका कोअरवर सारे सुरळीत चालते. मात्र क्यूएमू या आभासी यंत्रात केव्हीएम (हार्डवेअरच्या मदतीने आभासीकरण) चालू करून चार कोअर दिले, की काहीशे फेऱ्यांमध्ये एखाद्या वेळी मॅप केलेल्या फाइलच्या एका पानावरचा बदल डिस्कवर पोहोचतच नाही. मेमरीतला मजकूर बरोबर असतो, पण कर्नल ते पान बदललेलेच नाही असे समजून सोडून देते.

चाचणीत एक थ्रेड पानावर सतत लिहितो आणि दुसरा त्याच पानाची लिहिण्याची परवानगी काढतो व परत देतो. परवानगी काढणारे माझे फंक्शन बिटफिल्ड (बिटांना वेगवेगळी नावे देणारे सदस्य) असलेल्या स्ट्रक्टमध्ये पीटीईची प्रत घेते, राइट बिट शून्य करते, प्रत परत लिहिते आणि मग सर्व कोअरना आयपीआय (एका कोअरने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) पाठवून टीएलबी (पीटीईंची माहिती साठवणारा कोअरमधला कॅश) फ्लश करते, म्हणजे त्यातल्या जुन्या नोंदी काढून टाकते. हे सर्व पेज टेबलचा स्पिनलॉक (एका वेळी एकाच कोअरला आत सोडणारे कुलूप) धरून होते. पीटीईच्या खालच्या बिटांची हेक्समधली नोंद काढली, तेव्हा प्रत घेताना 27 होते, म्हणजे प्रेझेंट, राइट, यूजर आणि ॲक्सेस्ड. दुसऱ्या कोअरने लिहिल्यावर बिट 6, म्हणजे डर्टी, लागून ते 67 व्हायला हवे आणि राइट काढल्यावर 65 उरायला हवे. बिघडलेल्या फेरीत मात्र 25 दिसते.

लॉक हा कर्नलच्या कोडपुरता करार आहे आणि डर्टी बिट लावणारे हार्डवेअर तो पाळत नाही, त्यामुळे माझ्या वाचण्या-लिहिण्याच्या मधल्या फटीत त्याने लावलेला बिट मीच पुसतो, असा माझा तर्क आहे. तो बरोबर असल्यास अणुरूप (मध्ये खंड न पडणारा) अँड पुरेसा आहे, की एक्सचेंज (एकाच क्रियेत जुनी किंमत घेऊन नवी लिहिणे) करून पीटीई आधी शून्य करावी? डर्टी बिट पुसण्याचे काम राइटबॅकचा (बदललेली पाने डिस्कवर लिहिणारा) थ्रेड करतो. परवानगी बदलत नसल्याने तेथे मी टीएलबी फ्लश करत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

तुमचा तर्क बरोबर आहे. प्रोसेसर ॲक्सेस्ड आणि डर्टी हे बिट स्वतः अणुरूपानेच लावतो, पण तुमचे वाचणे आणि लिहिणे या दोन वेगळ्या क्रिया असल्याने त्याची दक्षता वाया जाते. केवळ राइट काढायचा असेल तर प्रोसेसरच्या सूचनेला लागणाऱ्या लॉक उपसर्गासह अँड पुरेसा आहे. एनएक्ससारखे (पानातला कोड चालवण्यास मनाई करणारा बिट) अनेक फ्लॅग एकत्र बदलायचे असतील, तर एक्सचेंजने पीटीई शून्य करून जुनी किंमत हाती घ्यावी, फ्लश करावे आणि त्या किमतीवरून नवी पीटीई लिहावी. शिळ्या टीएलबी नोंदीत डर्टी लागलेला नसेल, तर लिहिताना प्रोसेसरला मेमरीतली पीटीई गाठावीच लागते आणि तेथे प्रेझेंट नसल्यास फॉल्ट होतो, म्हणून ही पद्धत सुरक्षित ठरते. बिटफिल्ड मात्र काढून टाका. एका नेमणुकीसाठी कंपायलर किती वेळा आणि किती रुंदीचे वाचन करील यावर तुमचा ताबा राहत नाही. 64 बिटांचा पूर्णांक आणि मास्क वापरा, एकदाच वाचा, आणि प्रेझेंट पाहिल्याशिवाय इतर बिटांचा अर्थ लावू नका, कारण प्रेझेंट नसताना बिट 6 हा तुमच्याच स्वॅप क्रमांकाचा (डिस्कवर हलवलेल्या पानाच्या जागेचा) भाग असू शकतो.

खरी काळजी मला राइटबॅकची वाटते. डर्टी पुसून फ्लश केले नाही, तर दुसऱ्या कोअरच्या टीएलबीत पान डर्टी म्हणूनच नोंदलेले राहते, त्यामुळे पुढच्या लेखनाच्या वेळी तो कोअर पीटीईला हातच लावत नाही आणि तो बदल कोठेच नोंदला जात नाही. आधी पुसा, सर्व कोअरचा फ्लश पूर्ण होऊ द्या आणि त्यानंतरच पान डिस्कसाठी वाचा.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. राइटबॅकमधली चूक माझ्या ध्यानीमनी नव्हती. एक्सचेंज आणल्यावर एक नवीन अडचण आली. पीटीई शून्य असण्याच्या क्षणी दुसऱ्या कोअरला फॉल्ट होई आणि माझा हँडलर प्रक्रियाच बंद करी. आता हँडलर तोच लॉक घेऊन पीटीई पुन्हा वाचतो आणि परवानगी पुरेशी दिसल्यास काहीही न करता परततो. रात्रभर चाचणी चालवली, एकही बदल हरवला नाही.

पुढे 2 एमबीची पाने 4 केबीत फोडायची आहेत. वरच्या पातळीवर बिट 7 मोठे पान दर्शवतो, तर पीटीईत तोच पॅट (पानाचा कॅशिंगचा प्रकार निवडणारा बिट) असतो आणि मोठ्या पानाचा पॅट बिट 12 वर असतो, हे ध्यानात ठेवून दोन्हींचे मास्क वेगळे केले आहेत. पान वापरात असतानाच ते फोडायचे झाल्यास फ्लशचा क्रम कसा ठेवावा, हे कोणी सांगू शकेल का?