ऑक्युपेशनल थेरपीला सारखी आरसीटीची पट्टी का लावायची?

सुईदोरा (धागाकर्ती)

ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटी: आजार किंवा अपंगत्वानंतर माणसाला रोजची कामं जमावीत यासाठीचे उपचार) पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. प्रबंधाचा विषय मांडला की पहिला प्रश्न ठरलेला: "कंट्रोल ग्रुप कोणता?" म्हणजे तुलनेसाठी तो उपचार न दिलेला गट. आरसीटीत, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण गटांत वाटून केलेल्या चाचणीत, तो लागतोच. माझ्या मते हा प्रश्न फार तर तिसरा असावा. आपण ज्याचा अभ्यास करतोय ते मुळात आहे काय, हे आधी ठरायला नको?

या व्यवसायाची पहिली संघटना १९१७ मध्ये अमेरिकेत क्लिफ्टन स्प्रिंग्जला स्थापन झाली. १९२२ मध्ये मनोविकारतज्ज्ञ अडॉल्फ मायर यांनी ओटीच्या तत्त्वज्ञानावर लेख लिहिला. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या तालात जगणारा जीव. या विचारामागे तत्त्वज्ञ विल्यम जेम्स आणि जॉन ड्यूई यांचा प्रॅग्मॅटिझम होता: माणूस करत करत शिकतो, आणि त्याला त्याच्या परिस्थितीपासून सुटा काढता येत नाही.

आणि संशोधनाला बसलो की आपण नेमकं तेच करतो. माणूस परिस्थितीतून उचलायचा, उपचाराचा 'डोस' ठरवायचा, बाकी सगळं 'कन्फाउंडर', म्हणजे निकालात घोळ घालणारे घटक, म्हणून बाजूला सारायचं. रुग्णाचं घर, बायको, आवडनिवड, भीती हे कन्फाउंडर? आमचा तर अख्खा विषयच तो आहे! औषधाच्या चाचणीसाठी बनलेली पुराव्यांची उतरंड (आरसीटी वर, मुलाखती आणि निरीक्षणं खाली) आपण विचार न करता उचलली आहे, असं माझं मत. बोला.

ठोकताळा

असहमत. नाचता येईना अंगण वाकडे.

१९९७ ची 'वेल एल्डरली' चाचणी घ्या. लॉस एंजेलिसमधले ३६१ ज्येष्ठ, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटलेले. एकाला ओटी, दुसऱ्याला नुसते सामाजिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. 'माणसाला कशात तरी गुंतवून ठेवा, तब्येत आपोआप सुधारते' ही ओटीवाल्यांचीही लाडकी समजूत. निकाल काय? कार्यक्रमवाल्या गटाला काहीच न मिळालेल्या गटापेक्षा फायदा झाला नाही. ओटीच्या गटाला झाला. ही समजूत मुलाखती घेऊन कधी मोडली असती का? लोक म्हणाले असते, "हो हो, फार छान वाटलं."

आणि ड्यूईंना कृपया तुमच्या बाजूला ओढू नका. कल्पना परिणामांवर तपासून घ्या, हाच तर प्रॅग्मॅटिझम.

सुईदोरा

चाचणी मान्य. पण त्या गटाला जे दिलं ते आलं कुठून? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८९ मध्ये 'ऑक्युपेशनल सायन्स' सुरू झालं. माणसं दिवस कसा घालवतात, त्यातलं काय त्यांना अर्थपूर्ण वाटतं, याचा तो अभ्यास. ती पायाभरणी आधी झाली म्हणून चाचणीत घालायला काही मिळालं. शिवाय तिथे प्रत्येक ज्येष्ठाने आपापला दिनक्रम स्वतः नव्याने रचायचा होता. म्हणजे ३६१ जणांना एकच गोळी दिली नव्हती.

ठोकताळा

मग वाद कशाचा? आधी समजून घ्या, मग तपासा. मी तपासण्यावर अडून आहे, कारण आपल्या क्षेत्रात लोक पहिल्या पायरीवरच पथारी पसरतात.

मनगट

बरीच वर्षं हातांच्या रुग्णांबरोबर काम करतोय, म्हणून एक प्रसंग.

पक्षाघातानंतर आलेले एक घड्याळजी. आम्ही नऊ खुंट्यांची चाचणी लावली. पाटीवरच्या भोकांत खुंट्या बसवायच्या, काढायच्या आणि वेळ मोजायची. वेळ निम्म्यावर आली. फाइलमध्ये आलेख सुरेख दिसत होता. घरी गेलो तर कामाच्या टेबलावरचं फडकं त्यांनी उचललंच नव्हतं.

चिमटा धरता येत होता, अडचण निराळी होती. पूर्वी बारीक स्क्रू आट्यांत बसला की बोटांना आपोआप कळायचं. आता ते डोळ्यांनी पाहावं लागे, आणि भिंग लावून पाहताना हात थरथरला तर समोर गिऱ्हाईक बसलेलं. चारचौघांत फजिती नको म्हणून त्यांनी कामच टाळलं. मग भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांपासून सुरुवात केली, तीही गिऱ्हाईक नसताना.

खुंट्यांचे सेकंद खोटे नव्हते. पण ते हाताबद्दल सांगत होते, घड्याळजीबद्दल नाही. सुईदोरा यांचा मुद्दा मला पटतो तो इथे.

ठोकताळा

प्रसंग बोलका आहे. पण पक्षाघातानंतर पहिल्या काही महिन्यांत हात बराचसा आपसूकही सुधारतो. तुमचे घड्याळजी तुमच्यामुळे टेबलाशी बसले की तुम्ही नसतानाही बसले असते? एका माणसावरून कसं ठरवणार?

आणि चाचण्या फक्त खुंट्या मोजतात हेही खरं नाही. २००६ ची 'एक्साइट' चाचणी बघा: २२२ रुग्ण, दोन आठवडे चांगल्या हाताला मिट (जाड हातमोजा) घालून अधू हाताकडून काम करून घेतलं. त्यात प्रयोगशाळेतल्या वेगाबरोबर 'रोजच्या कामांत हा हात किती आणि कसा वापरता' हेही मुख्य निकालांत होतं. तुम्हाला हवं ते मोजता येतं. डोकं लावावं लागतं, एवढंच.

उंबरठा

तुम्ही सगळे एक गोष्ट धरूनच चालला आहात: स्वतःचं स्वतः करता आलं की झालं. बार्थेल इंडेक्समध्ये (रोजची कामं स्वतः किती जमतात याला गुण देणारा तक्ता, १९६५) कपडे स्वतः घातले तर १०, मदत घेतली तर ५. एखादी बाई म्हणाली, "कपडे मुलगी घालू दे, माझी शक्ती मला लिहायला हवी," तर तिचे गुण गेले. कुणी ठरवलं हे? ओटीच्याच अभ्यासक कॅरेन व्हॅली हॅमेल यांनी हाच प्रश्न लावून धरला: स्वावलंबन सर्वश्रेष्ठ, ही पाश्चात्त्य मध्यमवर्गाची धारणा सगळ्या जगाचं सत्य म्हणून का खपवता? मायकेल इवामा यांचं 'कावा' (जपानीत नदी) हे आयुष्याकडे नदीसारखं पाहणारं ओटीचं प्रारूपही त्याच अस्वस्थतेतून आलं. आरसीटी की मुलाखत, हे भांडण त्याच्या नंतरचं. मोजमापाच्या तक्त्यातच मूल्यं बसलेली असतात.

वाचनमात्र

इतके दिवस नुसता वाचतोय, आज काडी टाकतो. तत्त्वज्ञ रॉय भास्कर यांचा क्रिटिकल रिअ‍ॅलिझम (दिसणाऱ्या निकालामागची कारणं शोधा, असं म्हणणारा विचार) कुणीच काढला नाही? 'उपचार चालतो का' याऐवजी 'कुणासाठी, कुठल्या परिस्थितीत, कशामुळे चालतो' असं विचारलं तर घड्याळजीही बसतात आणि आकडेही.

ठोकताळा

बसतात, कागदावर. हे विचारायलाही आधी काहीतरी चाललेलं असावं लागतं.

उंबरठा, तुमचा मुद्दा मात्र बिनतोड. बार्थेलचं समर्थन करणार नाही.

सुईदोरा

मग मी सीओपीएम ही ओटीतली मोजपद्धत घेते. त्यात महत्त्वाची कामं रुग्णच निवडतो आणि ती कितपत जमतात, त्यावर किती समाधान आहे, याला तोच १० पैकी गुण देतो. लिहायचं असेल तर लिहिणं, कपडे नसतील तर नाहीत.

ठोकताळा

घ्या. पण एकाचं समाधान 'लिहिणं' या कामावर ४ वरून ७, दुसऱ्याचं 'जिना चढणं' यावर ४ वरून ७. या दोन तिनांची सरासरी काढणार आहात का? काढणार असाल तर ते तीन सारखेच आहेत हे कशावरून? आणि नसाल काढणार, तर प्रबंधात निकाल म्हणून लिहिणार काय?

मनगट

दोन्ही कामं काय होती, ते लिहायचं. तिथून सुरुवात करा.