योद्धे आणि जादूगार अशा मिश्र पार्टीला (खेळाडूंच्या चमूला) तोटा देणाऱ्या नियमाला संतुलित म्हणावे का?

घोडबंदरकर:
आम्ही चौघे मित्र, दोघे ठाण्यातले, एक ऐरोलीचा आणि एक वाशीचा, गेले काही महिने शनिवारी रात्री ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ (२०१७) ऑनलाइन खेळत आहोत. या गेममध्ये शत्रूला हेल्थ (जीवनशक्ती) असते आणि तिच्यावर दोन आर्मर, म्हणजे कवचे, असतात. शारीरिक हल्ले एक झिजवतात, जादूचे हल्ले दुसरे, आणि ज्याचा त्याचा आर्मर शून्यावर आल्याखेरीज साधारणपणे ना हेल्थ कमी होते, ना शत्रूला खाली पाडता किंवा गोठवता येते. माझा आक्षेप या नियमावर आहे. समजा, दोन्ही आर्मर १००-१०० आहेत, हेल्थ १५० आहे आणि आपला प्रत्येक फटका ५० चा आहे. चौघेही शारीरिक हल्ला करत असतील तर पाच फटक्यांत शत्रू मरतो. दोन योद्धे आणि दोन जादूगार असतील तर पहिले चार फटके नुसते आर्मर उतरवण्यात जातात आणि एकूण सात लागतात. आमच्या वाशीच्या मित्राने आगीचा जादूगार फार हौसेने घडवला होता. अखेर गेममधल्या जहाजाच्या तळघरात, पात्र नव्याने घडवू देणाऱ्या आरशासमोर जाऊन त्याने त्याचा नेक्रोमॅन्सर (मृत्युविद्येचा जादूगार) केला, कारण त्या विद्येचे हल्ले शारीरिक धरले जातात. खेळाडूला आवडीचे पात्र सोडायला लावणारा नियम मला चुकीचा वाटतो.

नेरूळकर:
तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो एकट्या शत्रूचा आहे. बहुतेक लढायांत समोर चार-सहा जण असतात आणि त्यांचे आर्मर सारखे नसतात: ढालवाल्याचा शारीरिक आर्मर भक्कम आणि जादूचा पातळ, तर जादूगाराचे नेमके उलटे. तुमच्या योद्ध्यांनी मागच्या जादूगारांवर जावे आणि आगवाल्याने ढालवाल्यांना घ्यावे, म्हणजे एकही फटका वाया जात नाही. हा नियम का आला, हेही पाहायला हवे. २०१४ च्या पहिल्या भागात पाऊस पाडून त्यावर वीज टाकली आणि नशिबाने साथ दिली, की अर्धे शत्रू पहिल्याच टर्नला बधिर होत आणि पुढे लढण्यासारखे काही उरत नसे. आर्मरने तो जुगार बंद केला.

कोपरीकर:
हा गेम करणाऱ्या लारियन स्टुडिओनेच ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये मात्र ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या बैठ्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेतले. तिथे तलवार असो वा आग, डॅमेज एकाच हेल्थमधून जाते, त्यामुळे कोणीही कोणालाही मदत करू शकतो. शत्रूला जखडणारे मोठे मंत्र बहुधा एकाग्रतेवर टिकतात; एका वेळी असा एकच मंत्र चालतो आणि मार बसला की तो तुटू शकतो. जादूगाराला आवर घालण्याची ही रीत मला अधिक न्याय्य वाटते.

नेरूळकर:
पण तिथे पुन्हा फासे आले. दिवसभर काम करून, लोकलच्या गर्दीतून घरी येऊन मी तासभर खेळायला बसतो, तेव्हा ७० टक्क्यांचा हल्ला सलग दोनदा चुकला की माझ्या विचाराला काही किंमतच राहत नाही. आर्मरचा आकडा डोळ्यांसमोर असतो आणि तो फसवत नाही.

घोडबंदरकर:
अनेक शत्रूंबाबतचे तुमचे म्हणणे मी मान्य करतो. आम्ही चौघेही एकाच शत्रूवर तुटून पडत होतो, ही आमची चूक होती. एकट्याने लढणाऱ्या बॉसच्या (मोठ्या शत्रूच्या) बाबतीत मात्र मी मत बदलणार नाही, कारण तिथे विभागणीला दुसरे लक्ष्यच उरत नाही. आर्मर अर्धा उरला असताना खाली पाडण्याची शक्यताही अर्धी, असा मधला नियम असता तर प्रत्येक फटक्याचा उपयोग सगळ्यांना झाला असता. आरशासमोर पात्र बदलायला पैसे पडत नाहीत, म्हणून येत्या शनिवारी वाशीचा मित्र त्याची आग परत घेणार आहे आणि ढालवाले आम्ही त्याच्यावर सोपवणार आहोत.