कॅलेंडरच्या शीटने घातलेले घोळ: तुमचेही सांगा

सांजवात
आज धोंड्याचं जेवण. तेहतीस अनारसे मोजून ताटात लावत होते, तर सासूबाई म्हणाल्या, "यंदा तरी तुझ्या त्या शीटमध्ये अधिक महिना घातलास ना गं?" तीन वर्षं झाली, विसरत नाहीत.

घरचा गणपती कुडाळजवळच्या गावी, तिघा भावांत पाळी. २०२१ साली मी हौसेने एक्सेलमध्ये पाच वर्षांचं कॅलेंडर केलं. चतुर्थी कधी, पाळी कोणाची, रजा कधी टाकायची, रेल्वेचं आरक्षण कधी उघडतं (तेव्हा १२० दिवस आधी). चतुर्थी ११ दिवस मागे येते एवढं ठाऊक, म्हणून आदल्या तारखेत सरळ ३५४ मिळवले. १० सप्टेंबर २०२१ वरून ३० ऑगस्ट २०२२ आलं, खरी होती ३१ला. एक दिवस हाताने सारखा केला आणि मीच माझ्यावर खूश! खालच्या ओळीत २० ऑगस्ट २०२३.

ती पाळी मस्कतच्या भावोजींची. स्वस्त मिळालं म्हणून त्यांनी पैसे परत न मिळणारं तिकीट काढलं, रजाही मंजूर. जूनमध्ये सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अरे, तेव्हा जेमतेम निज श्रावण लागलेला असेल, गणपती कुठला आणतोस?" अधिक श्रावण होता. गणपती १९ सप्टेंबरला. अंतर ३५४ नाही, ३८४. कालनिर्णय भिंतीवर लटकत होतं, पण वहिनीने केलंय म्हणजे बरोबरच असणार.

भावोजी ऑगस्टमध्ये आले, गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीची लाकडं बदलली, पडवीला रंग काढला आणि गणपती न बघताच परत गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

रिकामटेकडा
उंदीरमामांचीही रजा वाया गेली म्हणायची

जमाखर्च
तिथी सूत्राने काढायच्या भानगडीत पडू नये, हाताने टाका. बाकी माझा घोळ वेगळा. तीन वर्षांच्या कामाला दर महिन्याचं एक पान, अशी छत्तीस पानं केली होती. एका रकान्याचं नाव बदलायचं तर छत्तीसदा! आता एक दिवस एक ओळ. २०२४ ते २०२६ मिळून १०९६ ओळी, महिना-वर्ष बाजूच्या रकान्यात, हवं ते गाळून बघायचं. आणि वर्ष ओलांडायला घाबरू नका, डेट सूत्रात महिना १३ दिला की एक्सेल मुकाट्याने पुढच्या वर्षाचा जानेवारी देतं.
एप्रिल-मार्चवाल्यांनी आर्थिक वर्षाचा रकाना वेगळा ठेवा. जानेवारीला वर्ष बदललं की आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी रडतं.

बांधावरून
आमचं पीकच दोन वर्षांत. आडसाली ऊस, जुलैत लागण, तोड पुढच्या वर्षी दिवाळीनंतर. पोरानं शीट करून दिली, तारखेऐवजी लागणीपासून किती दिवस झाले ते दिसतं. खताचा हप्ता, मोठी बांधणी सगळं त्यावर. लय कामाची. पण शेवटच्या ओळीत त्यानं "तोड" लिहून तारीख टाकलीय. कारखान्याची टोळी काय शीट बघून येती व्हय? गेल्या साली तुरे आले तरी फड उभाच.

सोनचाफा
@सांजवात अनारशाला तांदूळ कुठला? माझे तुपात सोडले की हसतात, पार विरून जातात

एडिसनकर
बहीण ठाण्यात, मी न्यू जर्सीत. आईजवळ कोण कधी राहणार याचं दीड वर्षाचं कॅलेंडर. तिने व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या तारखा मी इथल्या, महिना आधी वाचणाऱ्या लॅपटॉपवर चिकटवल्या. ०५/११/२०२४ ची झाली ११ मे. २५/११ मात्र तशीच राहिली, कारण पंचविसावा महिना नसतो. खूण सांगतो: खरी तारीख खणात उजवीकडे चिकटते, नुसता मजकूर डावीकडे. माझ्या अर्ध्या डावीकडे अर्ध्या उजवीकडे होत्या आणि मला वाटलं दिसायला जरा वाकडंतिकडं झालंय, म्हणून मी त्या सगळ्या मध्यभागी आणल्या.

रिकामटेकडा
मध्यभागी आणल्या 😂😂 पुरावाच पुसलात की

जुनेजाणते
वंशावळीसाठी आजोबांची जन्मतारीख टाकायला गेलो, १८९७. एक्सेलची गणती १ जानेवारी १९०० पासून, त्याआधीचं ते तारीख मानतच नाही. वर गंमत म्हणजे खणात ६० लिहून त्याला तारखेचं रूप द्या, २९ फेब्रुवारी १९०० दिसते. असा दिवस उगवलाच नाही. लोटस या एक्सेलआधीच्या प्रोग्राममधली जुनी चूक, फायली जुळाव्यात म्हणून तशीच ठेवली. पेन्शनीत असले उद्योग चालतात.

मीरा_पुणे
मंगळ-गुरू-शनि. बाबांचं डायलिसिस, सव्वादोन वर्षं. ज्या दिवशी जायचं तो खण आपोआप निळा व्हायचा. शीट पुढच्या डिसेंबरपर्यंत ओढून ठेवली होती. अजून उडवली नाही.

सोनचाफा
मीरा, राहू दे ती.

दूधवाला हिशोब
एवढं कशाला करता? २०१५ चं जुनं कॅलेंडर काढा, २०२६ शी वार तंतोतंत जुळतात. आमच्या हिने जपून ठेवलं होतं, दुधाच्या खाड्यांसकट. सण मात्र त्यात बघू नका, नाहीतर सांजवातताईंसारखं व्हायचं.

जमाखर्च
२०१५ चे दुधाचे भाव वाचून रडू आलं असेल

सांजवात
@सोनचाफा आंबेमोहोर. तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. हसले तर पिठात गूळ जास्त झालाय, थोडी तांदळाची पिठी मळून बघ.
मीरा, काय लिहू कळत नाहीये.
यंदा परत भावोजींचीच पाळी, गणपती १४ सप्टेंबरला. आम्ही १२ला निघणार. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे १४ जुलै. भावोजींना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, तारीख सांगा, पण आधी आईला द्या फोन."