धर्मकाट्याच्या एकाच सिरियल पोर्टवर दोन प्रोग्राम: कुलूप कुठे लावावे?

प्रश्न:
नमस्कार. इंदूरच्या सांवेर रोडवरील एका कारखान्याच्या धर्मकाट्याचा (गाड्यांचे वजन करणाऱ्या काट्याचा) संगणक माझ्याकडे आहे. काट्याचा डिस्प्ले यूएसबी-सिरियल केबलने लिनक्सला जोडलेला असून, पावती छापणारा प्रोग्राम आणि दर मिनिटाला वजन नोंदवणारी पायथन स्क्रिप्ट असे दोघेही तोच पोर्ट वाचतात. परवा सोयाबीनच्या गाडीचे वजन डिस्प्लेवर १८४६० किलो दिसत असताना पावतीवर १८६० उमटले, आणि गाडीवाल्याशी हुज्जत घालण्यात अर्धा तास गेला. एकाने पोर्ट उघडला असताना ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्याला अडवत का नाही?

उत्तर १:
विंडोजमध्ये असा पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. लिनक्समध्ये तो कितीही प्रोग्रामांना उघडता येतो, पण आलेल्या बाइटच्या प्रती निघत नाहीत, ज्याने आधी वाचला त्याचा तो झाला. आपला हरवलेला ४ बहुधा स्क्रिप्टच्या पदरात पडला असावा. यूयूसीपीच्या (युनिक्सवर फोनलाइनवरून फाइली पाठवणाऱ्या जुन्या प्रणालीच्या) काळापासूनची रीत अशी, की लॉकच्या डिरेक्टरीत पोर्टच्या नावाची फाइल करून तिच्यात आपला प्रोसेस क्रमांक दहा रकान्यांत उजवीकडे सरकवून लिहायचा. दुसऱ्याने ती फाइल पाहून माघारी फिरणे हा मात्र निव्वळ सौजन्याचा भाग आहे, आणि वीज गेली की फाइल तशीच मागे राहू शकते, म्हणून त्या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का हेही तपासावे लागते.

उत्तर २:
शिळ्या फाइलची कटकट नको असेल तर ‘एफलॉक’ हे उघडलेल्या फाइलवर लावायचे कुलूप बरे, कारण प्रोसेस संपताच कर्नल (लिनक्सचा गाभा) ते स्वतःच सोडवतो, सिरियल पोर्टसाठीच्या पायथनच्या ‘पायसिरियल’ लायब्ररीत ३.३ आवृत्तीपासून ‘एक्सक्लूझिव्ह’ हा पर्याय हेच करतो. तरी तेही सौजन्यच. खरी मनाई ‘टीआयओसीईएक्ससीएल’ या आयऑक्टलने (उपकरणाला थेट दिलेल्या आज्ञेने) होते: त्यानंतर पोर्ट उघडू पाहणाऱ्याला ‘डिव्हाइस बिझी’ असे उत्तर मिळते. आधीच उघडून बसलेल्यावर मात्र त्याचा परिणाम होत नाही, आणि रूटला (सर्वाधिकारी वापरकर्त्याला) ते अडवत नाही.

प्रश्नकर्ता:
इथेच घोळ होता! आमची स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून) चालत होती. आता ती साध्या वापरकर्त्याच्या नावाने ‘डायलआउट’ या सिरियल पोर्ट वापरण्याची मुभा असलेल्या गटात घातली आहे. पावती छापताना ती निमूटपणे परत फिरते. नोंदी मात्र गळतात.

उत्तर १:
गळणारच, कारण कुलूप भेसळ थांबवते, वाटणी करत नाही. पोर्ट एकाच लहानशा सेवेच्या ताब्यात द्यावा, आणि पावती व नोंद या दोघांनी तिच्याकडून सॉकेटवर (दोन प्रोग्राममधल्या जोडणीवर) पूर्ण ओळ घ्यावी.