आखेनमध्ये शिकताना आठवडा कसा जातो आणि शनिवार-रविवारी फिरणे जमते का?

गोदाकाठ

नमस्कार. येत्या ऑक्टोबरपासून जर्मनीतील आखेन येथे यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाला मी सुरुवात करणार आहे. प्रवेश, व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाचा खर्च आधी भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीक रक्कम देणारे खाते) यांविषयी भरपूर वाचून झाले आहे. मात्र सोमवार ते रविवार तेथील विद्यार्थी प्रत्यक्षात कसा जगतो, हे कुठेच नीट वाचायला मिळाले नाही. खात्यात भरलेल्या ११,९०४ युरोंतून महिन्याला ९९२ युरो हाती येणार आणि शिक्षणासाठी वडिलांनी कर्ज काढले आहे. अशा परिस्थितीत शनिवार-रविवारी फिरायला जाणे योग्य ठरेल का, की ते दोन दिवस अभ्यासाला आणि कामाला द्यावेत? नाशिकला असताना एकही रविवार मी ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी सोडून घरी काढलेला नाही, म्हणून हा प्रश्न मला मनापासून पडला आहे.

भुईकमळ

मी आखेनमध्येच दुसऱ्या वर्षाला आहे. इथला आठवडा रविवारपासून उलटा मोजावा लागतो, हे समजायला मला दोन महिने लागले. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी किराणा, कपडे, भांडी अशी सगळी दुकाने बंद असतात. रेल्वे स्थानकातले एखादे दुकान आणि सकाळी काही तास बेकरी एवढेच उघडे असते. त्यामुळे शनिवारी सगळे गाव बाजाराला लोटते आणि नवा विद्यार्थीही त्याच गर्दीत आपला शनिवार घालवून बसतो. मी किराणा गुरुवारी संध्याकाळी आणायला लागले, कपडे बुधवारी धुवायला लागले आणि तेव्हा कुठे शनिवार हाती आला. तुम्ही ऑक्टोबरच्या आरंभी पोहोचणार असाल तर ३ तारखेची राष्ट्रीय सुट्टी ध्यानात ठेवा. ती शनिवारी आली तर दुकाने सलग दोन दिवस बंद राहतात, म्हणून पोहोचल्याबरोबर दूध, ब्रेड आणि तांदूळ घेऊन ठेवा.

व्याख्याने दीड-दीड तासांची असतात आणि पहिले सकाळी साडेआठला सुरू होते. हजेरी बहुतेक ठिकाणी सक्तीची नसते आणि गुण जवळजवळ पूर्णपणे सत्राच्या शेवटच्या परीक्षेवर अवलंबून असतात. इथेच आपली मुले फसतात, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर कोणी काही विचारत नाही आणि फेब्रुवारीत एकदम सहा विषय समोर उभे राहतात. एका विषयाला बसण्याच्या संधी साधारणपणे तीनच मिळतात, म्हणून हे हलके घेऊ नका. मी दर आठवड्याची उदाहरणे त्याच आठवड्यात, शुक्रवार रात्रीपर्यंत सोडवते. ती अपुरी राहिली तर शनिवारी बाहेर पडत नाही, हा नियम मी आजवर दोनदाच मोडला आहे.

फिरण्याचा खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नाही. सत्राच्या शुल्कातच देशभराचे सेमिस्टर तिकीट मिळते, ज्यावर सर्व प्रादेशिक गाड्या, बस आणि ट्राम चालतात; वेगवान आयसीई गाड्यांना मात्र ते चालत नाही. पहिल्या शनिवारी मी पायी फाल्सरबेर्गला गेले. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांच्या सीमा जिथे मिळतात तो हा बिंदू, उंची ३२२ मीटर. सिंहगड चढलेल्याला ती टेकडीच वाटेल. पण त्या दगडाभोवती एक फेरी मारली की तीन देशांत पाऊल पडून जाते. १८१६ ते १९२० या काळात तिथे मोरेस्नेट नावाचा चौथा, चिमुकला तटस्थ प्रदेशही होता, आणि तो निर्माण झाला तो जस्ताच्या खाणीवरून दोन राज्यांचे एकमत न झाल्यामुळे. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट आवडेल असे वाटते.

गावातही शनिवार सहज जातो. सम्राट शार्लमेनने बांधून घेतलेले अष्टकोनी प्रार्थनागृह ज्याच्या पोटात आहे ते कॅथेड्रल १९७८ साली, जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत आले. जवळच एलिझेनब्रुनेन येथे गंधकयुक्त गरम पाणी वाहते. वज्रेश्वरीच्या कुंडांपाशी येतो तोच वास तिथे आला आणि घर सोडून तीन आठवडे झाले असताना डोळे भरून आले.

एक चूक सांगते. डिसेंबरमध्ये आयफेल डोंगरातील मोनशाऊला गेलो होतो. नदीकाठची लाकडी चौकटींची घरे पाहण्यात वेळ गेला, साडेचारच्या सुमारास अंधार पडला आणि परतीची ठरलेली बस आलीच नाही. पुढच्या बसची वाट पाहत आम्ही चौघी दीड तास थंडीत उभ्या होतो. तेव्हापासून शेवटच्या आदल्या बसनेच परतायचे, असे ठरवले आहे.

सह्यवेडा

भुईकमळ यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण कामाविषयी थोडे सांगतो. मी याच गावात शिकलो आणि आता स्टुटगार्टला नोकरी करतो. पहिल्या सत्रात मी एका उपाहारगृहात शनिवार-रविवार भांडी घासत होतो. पैसे मिळाले, पण कबूल केलेले तास दर वेळी वाढत गेले, एकही गाव पाहिले नाही आणि दोन विषय राहिले. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, त्यामुळे वेळ भरपूर असल्याचा भास होतो. त्याऐवजी विद्यापीठातल्या एखाद्या इन्स्टिट्यूटमध्ये हिवी, म्हणजे विद्यार्थी-सहायक, म्हणून काम शोधा. ते सोमवार ते शुक्रवारात बसते आणि पुढे प्रबंधासाठी ओळखही तिथेच होते.

फिरायला जर्मन सहाध्यायांबरोबर जा, असा माझा आग्रह आहे. कोलोन कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या मी गटातल्या एका मुलाबरोबर चढलो. वर पोहोचल्यावर डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही वाटून खाल्ली. भाकरी कशी थापतात हे मी त्याला मोडक्या जर्मनमध्ये, हातांनी दाखवत समजावले. वर्गात सहा महिने न सुटलेली माझी जीभ त्या दिवशी सुटली. लांबचा प्रवास मात्र उन्हाळी सत्रात पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आठवड्यासाठी राखून ठेवा, कारण तेव्हा व्याख्याने नसतात.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. भाकरीचे वाचून आईला फार बरे वाटले. एक शेवटची शंका आहे: नेदरलँड्समधले मास्ट्रिख्ट आणि बेल्जियममधले लिएज इतके जवळ असताना तिथे जायला वेगळा व्हिसा लागतो का?

भुईकमळ

नाही. तुमचे जर्मन निवासपत्र किंवा राष्ट्रीय व्हिसा वैध असेल, तर इतर शेंगेन देशांत (आपसांतल्या सीमांवर सहसा तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. मात्र मूळ पासपोर्ट आणि निवासपत्र दोन्ही जवळ ठेवा, मोबाइलमधले छायाचित्र चालत नाही. सीमेपलीकडच्या टप्प्याचे तिकीट वेगळे काढावे लागते, तेही गाडीत बसण्याआधी. मास्ट्रिख्टला गेलात तर तेराव्या शतकातील चर्चमध्ये थाटलेले पुस्तकांचे दुकान पाहा, आणि आईंना सांगा की तूरडाळ इथे मिळते, गोडा मसाला मात्र घरूनच आणावा लागतो.