नेमके अलर्ट देणारं ओपीडी सॉफ्टवेअर सुचवा (बजेट वर्षाला 15 हजार)

राजारामपुरी_ओपीडी: सध्याचं सॉफ्टवेअर प्रत्येक प्रिस्क्रिप्शनला चौकट उडवतं. अ‍ॅसिट्रॉम (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असलेल्या आजींना गुडघ्याला लावायला डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं जेल लिहिलं, तर गोळीला येतो तोच लाल इशारा. टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीबरोबर स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी गोळी) लिहिलं की ‘पोटॅशियम वाढेल’, कालचा रिपोर्ट 4.2, म्हणजे नॉर्मल असला तरी. आता न वाचताच ‘पुढे जा’ दाबलं जातं, भीती त्याचीच. अलर्ट बंद करायचे नाहीत, नेमके हवेत. कोण काय वापरतंय?

इचलकरंजी_एमडी: आमचं 80 हजारांचं आहे, नाद खुळा! प्रिस्क्रिप्शन मराठीत छापतं, व्हॉट्सअ‍ॅपवर जातं. अलर्ट पहिल्याच दिवशी बंद केले.

शाहूपुरी_केमिस्ट: बंद करून वर सांगताय सर? आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट (संधिवातासाठी देतात ती) चालू असलेल्या पेशंटला दुसऱ्या डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिलेलं. आम्ही फोन करून थांबवलं. रक्तपेशी घसरल्या असत्या म्हणजे?

कागल_जीपी: अक्षर न कळता भलतंच औषध देणारे केमिस्टही आहेत. तेही बोला.

शाहूपुरी_केमिस्ट: अक्षर तुमचं, चूक आमची. बरं.

कोड_कटवडा: हॉस्पिटल सॉफ्टवेअरमध्येच काम करतो. नुसतं सॉफ्टवेअर बदलून भागणार नाही. आधी आत्ताच्या वेंडरला विचारा, अलर्टचा नियम औषधांच्या अख्ख्या गटावर लावलाय की एकेका औषधावर? क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळीबरोबर ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल टाळायचं, कारण क्लोपिडोग्रेलला कामाला लावणारं सीवायपी2सी19 एन्झाइम ते अडवतात. पॅन्टोप्राझोलचा तो त्रास बराच कमी. पण नियम ‘सगळे पीपीआय’ (ॲसिडिटीच्या या गोळ्यांचा अख्खा गट) असा असेल तर पॅन्टोवरही बोंब. मग बघा, जेल का गोळी, डोस किती, कोर्स कधी संपला, हे वाचतं का? क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स तीन महिन्यांनीही ‘चालू’ दिसत असेल तर खोटे इशारे येणारच. अमेरिकेत 2012 साली ‘इथे अडवाच’ अशा औषधांच्या 15 जोड्यांची यादी निघाली, 2013 साली ‘यासाठी काम थांबवू नका’ अशा 33 जोड्यांची. त्यावरून इशाऱ्यांना कमी-जास्त गंभीर अशा पातळ्या लावून मागा.

गडहिंग्लज_फिजिशियन: तेच म्हणतो, कोर्सची शेवटची तारीख टाकत जा. लॅबचे रिपोर्ट सॉफ्टवेअरला जोडायच्या फंदात मात्र पडू नका. आमचा लॅबवाला कधी ‘सीरम पोटॅशियम’ लिहितो, कधी नुसतं ‘के’ (पोटॅशियमचं चिन्ह). नवा रिपोर्ट सॉफ्टवेअरला सापडतच नाही, सहा महिन्यांपूर्वीचा धरून हिरवं दाखवतं.

कागल_जीपी: लॅब नकोच. आमच्याकडे नेट गेलं की सगळंच बंद.

इचलकरंजी_एमडी: 80 हजारात लॅब फुकट आहे.

राजारामपुरी_ओपीडी: सर, बजेट 15 लिहिलंय.

इचलकरंजी_एमडी: पेशंटच्या जिवापुढे पैसा बघू नये.

शाहूपुरी_केमिस्ट: अलर्ट बंद ठेवून? 😀

राजारामपुरी_ओपीडी: वेंडरशी बोललो. पीपीआयचा नियम फोडायला ‘पुढच्या व्हर्जनला बघू’ म्हणाला. जेल-गोळी वेगळं धरायचं सेटिंग आधीपासून होतं, कुणी चालूच केलं नव्हतं! लॅब जोडणी घेतोय, तुम्ही सगळे नको म्हणताय तरी. खालच्या मजल्यावरची लॅब बायकोची आहे, टेस्टची नावं बदलणार नाहीत. पोटॅशियमचा रिपोर्ट महिन्याहून जुना असेल तर इशारा लालच राहील, असं वेंडरकडून लिहून घेतलंय.

गडहिंग्लज_फिजिशियन: आणि पेशंटनं बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आणला तर?

राजारामपुरी_ओपीडी: रिसेप्शनवर हातानं भरणार.

इचलकरंजी_एमडी: आमच्यात फोटो काढला की आपोआप भरतं.