आयपॅडसाठी पाणी आणि आपटणं दोन्ही झेलणारं कव्हर सुचवा (द्राक्षबागेत वापर, नाशिक)

बांधावरचा:

मंडळी, जरा घाईत लिहितोय. गोडी छाटणी (फळासाठीची, पावसाळ्यानंतरची) तोंडावर आलीय, परतीचा पाऊस अजून हलायला तयार नाही, आणि माझ्याकडचा टॅब सध्या दुधाच्या पिशवीत फिरतोय. होय, धुऊन वाळवलेल्या.

काम असं की दिंडोरी-निफाड पट्ट्यात एका निर्यातदारासाठी प्लॉट बघतो. दिवसाला सात-आठ बागा. फवारणीची नोंद, पानांचे फोटो, शेतकऱ्याची सही, सगळं टॅबवर. युरोपला जाणाऱ्या मालाचा प्लॉट ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, नोंदवलेला असतो. कोणतं औषध कधी मारलं यात घोळ झाला तर रेसिड्यूच्या (मालात उरलेल्या औषधाच्या अंशांच्या) तपासणीवेळी बोंब. त्यामुळे 'वहीत लिही ना' हा सल्ला कृपया नको, घरी रोज मिळतो.

टॅब नवव्या पिढीचा आयपॅड आहे, १०.२ इंची. कंपनीने दिलाय, मोडला तर पगारातून कापतात.

आतापर्यंत दोनदा दणका बसला. पहिला ऑगस्टमध्ये. डावणी रोगावरची फवारणी चालू होती, ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर वळला आणि ब्लोअरचा (ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राचा) झोत माझ्यासकट टॅबवर. कव्हर होतं, ऑनलाइन घेतलेलं, खोक्यावर ठळक 'वॉटरप्रूफ'. घरी येऊन काढलं तर पुढच्या पारदर्शक पडद्याच्या आतून वाफ धरलेली आणि होम बटणाभोवती ओलसर कडं. दोन दिवसांनी चार्जिंग बंद. दुसरा दणका साधाच. बाईकच्या सीटवर ठेवला, हेल्मेट काढेपर्यंत घसरून शेडच्या कोब्यावर कोपऱ्यावर आपटला. काच तडकली.

काच, पोर्ट सगळं दुरुस्त करून घेतलंय. आता कव्हर नीट घ्यायचंय. बजेट साडेतीन हजार, फार तर चार. आयपी ६८ (धूळ-पाण्याचं रेटिंग) घेऊ की मिलिटरी ग्रेड (आपटण्याचं)? दोन्ही लिहिलेलंही मिळतंय, पण 'वॉटरप्रूफ'चा अनुभव वर सांगितलाच.

शून्य_एक:

आधी आकड्यांचा अर्थ लावू. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकेल. ६८ ला खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते, म्हणून बारीक अक्षरातली ओळ वाचा. पहिल्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी केलेलीच नाही, किंवा केली असेल तर सांगितलेली नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक पाचर आहे. बुडवून ठेवणं वेगळं आणि जोराचा झोत वेगळा. झोताचे आकडे ५ आणि ६. नुसतं आयपी ६८ लिहिलंय म्हणजे झोतही झेलेल असं गृहीत धरता येत नाही.

शिवाय या चाचण्या साध्या पाण्यात होतात. तुमच्या टाकीत स्टिकर-स्प्रेडर असतं ना? ते पानावर द्रावण पसरावं म्हणून पृष्ठताण कमी करतं. तेच द्रावण कव्हरच्या फटीतही साध्या पाण्यापेक्षा सहज शिरतं. ब्लोअरने जे केलं ते कदाचित पावसाने केलं नसतं.

मिलिटरी ग्रेडचं म्हणाल तर एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकन लष्कराचं चाचणीचं पुस्तक आहे, प्रमाणपत्र नव्हे. कोणी सरकारी माणूस येऊन शिक्का मारत नाही. त्यातली नेहमीची चाचणी म्हणजे ४ फुटांवरून २६ वेळा पाडणे, काँक्रीटवर अंथरलेल्या प्लायवूडवर. आणि हे २६ वेळा पाच नगांत वाटून घेता येतं! तुमच्या कोब्यावर प्लायवूड नव्हतं.

घाटातली_ताई:

दादा, मी इगतपुरीकडे घरोघरी सर्वेक्षणाला जाते. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. महागडं बंद कव्हर एक वर्ष वापरून सोडलं. आता आपटण्यासाठी जाड कोपऱ्यांचं साधं रबरी कव्हर, आणि पाऊस लागला की त्याच्यासकट मोठी झिपलॉक पिशवी. पातळ प्लास्टिकवरून बोट नीट चालतं. फोटो मात्र धुरकट येतात, तेवढ्यापुरता टॅब बाहेर काढावा लागतो. पिशवीत वाफ धरू नये म्हणून आधी टॅब कोरडा पुसायचा. ओल्या पदराने पुसून आत घातला तर काय उपयोग, हे मी करून बसलेय.

पडद्यावर थेंब असताना टॅब आपोआप भलतीकडेच उघडतो, ते बिघाड नाही बरं का. पाण्यालाही तो बोटच समजतो. माझ्याकडून एकदा एकाच आजीची नोंद तीनदा गेली.

कॅनडा_कॉर्नर:

सरळ टॅब बदला की. सॅमसंगचा टॅब ॲक्टिव्ह ५ मूळचाच आयपी ६८ आहे, बॅटरी काढता येते, हातमोजे घालून चालतो. आयपॅडला पाण्याचं रेटिंगच नाही, त्याला कितीही रेनकोट घाला.

बांधावरचा:

@कॅनडा_कॉर्नर, साहेब, तसा अर्ज दोनदा दिलाय. 'आहे त्याची काळजी घ्या' असं उत्तर आलं.

@ताई, झिपलॉक आजच घेतो. पण छाटणीनंतर पेस्टिंग असतं, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला रंगीत औषध लावतात. सही करायला येणाऱ्याची बोटं रंगलेली असतात आणि ती पेस्ट अंगाला लागू द्यायची नसते. रोज धुता येईल असंच काहीतरी हवं.

मेनरोडवाला:

मी दुरुस्ती करतो, विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो.

माझ्या टेबलावर येणारे टॅब पाण्यात बुडालेले क्वचितच असतात. बहुतेक चार्जिंग पोर्टमुळे मेलेले असतात. थोडीशी ओल राहते, माणूस रात्री सवयीने चार्जर लावतो, आणि पिना हिरव्या-काळ्या पडतात. भाऊ, तुमचंही तेच झालं असणार. ओल दिसली की टॅब बंद करायचा, पोर्ट खाली करून उभा ठेवायचा, पंखा लावायचा. तांदळाच्या डब्यात घालू नका. तांदूळ काही ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये जाते. मग मी सुईने ती काढत बसतो.

तुमच्या मॉडेलचं एक बरं आहे. त्यात वरची काच आणि डिस्प्ले वेगवेगळे असतात, नुसती काच बदलता येते. बरेच महाग आयपॅड दोन्ही चिकटवून येतात, तिथे एका तड्याला अख्खा डिस्प्ले. आणि ७, ८, ९ या तिन्ही पिढ्यांचं अंग एकच, त्यामुळे १०.२ इंचीचं कोणतंही कव्हर बसेल. दहाव्या पिढीचं घेऊ नका, दुकानदार 'बसतं हो' म्हणून गळ्यात मारतात.

कव्हर हातात घेऊन तीन गोष्टी बघा. कोपऱ्यात आत पोकळी आहे का, नुसतं जाड रबर दणका पुढे ढकलतं. काचेपेक्षा कड दीड-दोन मिलिमीटर वर आहे का. आणि पोर्टचं रबरी बूच. पहिल्यांदा तेच सैल होतं. दिवसातून चारदा उघडाल तर वर्षभरही साथ देणार नाही.

आता मुद्द्याचं. पाण्याची चाचणी आणि पाडायची चाचणी वेगवेगळी होते, नव्या कोऱ्या नगावर. एकदा कोब्यावर आपटलेलं कव्हर पाणी रोखतं का, हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. कोपरा एका केसाएवढा वाकला तरी गॅस्केट (कडेची पाणी अडवणारी रबरी पट्टी) तिथे सुटतं आणि वरून काही कळत नाही. म्हणून घेतल्यावर एकदा, आणि जोरात पडलं की प्रत्येक वेळी, टॅब काढून रिकाम्या कव्हरची चाचणी घ्या. आत कोरडा टिश्यू घाला, बंद करा, कपडे भिजवायच्या टबात अर्धा तास बुडवा. तरंगेल, तर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड कडेवर ठेवा, पडद्यावर नको. टिश्यूवर डाग कुठे पडला त्यावरून भोक सापडतं.

शून्य_एक:

+१. आणि उष्णता विसरू नका. हा टॅब ० ते ३५ अंशांत वापरावा असं ॲपलच सांगतं. एप्रिलच्या खरड छाटणीला (वर्षातली दुसरी छाटणी) आपल्याकडे सावलीतच त्याहून जास्त असतं. हवाबंद कव्हरात उन्हात धरला की आधी पडदा मंदावतो, मग चार्जिंग थांबतं, मग तापमानाची सूचना येऊन टॅब हात वर करतो. उन्हाळ्यात बंद कव्हर काढून ताईंसारखं साधं घाला. एकाच कव्हरात बारा महिने भागणार नाही.

बांधावरचा:

शनिवारी एम.जी. रोडला चार दुकानं पालथी घातली. तीन ठिकाणी 'वॉटरप्रूफ' म्हणून वॉटरप्रूफ नसलेलंच दाखवलं. मागे कॅमेऱ्याला नुसतं उघडं भोक! चौथ्या ठिकाणी दोन भागांचं मिळालं, गॅस्केटवालं, मागे हात अडकवायला फिरता पट्टा. घासाघीस करून करून ३२०० ला दिलं.

रात्री टबात बुडवलं. वजन म्हणून वरवंटा. आई म्हणाली, आता हेच बघायचं राहिलं होतं. अर्ध्या तासाने उघडलं तर टिश्यू कोरडा, फक्त पोर्टच्या बाजूला बोराएवढा ओला डाग. बूच उघडून टॉर्च मारला तर खाचेत वाळूचा एक कण. बहुतेक दुकानातल्या धुळीतलाच. जुन्या टूथब्रशने खाच साफ केली आणि परत बुडवलं. या वेळी टिश्यू पूर्ण कोरडा.

एक शंका राहिली. @मेनरोडवाला, बूच सैल झालं तर सुटं मिळतं का?

मेनरोडवाला:

नाही मिळत भाऊ. बॅटरी दिवसभर पुरते, तेव्हा बागेत पॉवर बँक लावायचीच नाही. रात्री घरी एकदाच उघडा, आणि बंद करण्याआधी खाचेवरून बोट फिरवा. बोटाला कण लागेल.

बांधावरचा:

बरं. उद्या पिंपळगावकडे पाच प्लॉट आहेत, त्यातल्या दोन ठिकाणी फवारणी चालू असेल. झिपलॉकही डिकीत टाकलीय. दुधाची पिशवी आईने परत घेतली.